पुन्हा दार वाजवायला शिकलो

माझं हृदय ठणठणीत आहे असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. हृदयविकार असता तर लोकांना सांगायला सोपं गेलं असतं. लोक फळं घेऊन भेटायला आले असते.

मी काळाचौकी भागात टपाल वाटतो. त्याआधी सतरा वर्षं फौजेत होतो. मला झालेल्या आजाराबद्दल लिहायचं ठरवलं त्याला एक निमित्त झालं. हॉस्पिटलच्या ओपीडीत माझ्या शेजारी एक तरुण फौजी बसला होता, मान खाली घालून. त्याच्या बायकोने मला हळूच विचारलं, "काका, यातून माणूस बाहेर येतो का हो?" तेवढ्यात माझा नंबर लागला आणि मी नुसती मान हलवून आत गेलो. बाहेर आलो तर दोघं गेले होते. तिला जे सांगायचं राहिलं ते इथे लिहितो आहे.

तिसरा मजला

सकाळचे साडेअकरा वाजले असतील. एका जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर तावडे आजींचं रजिस्टर पत्र होतं. आजी एकट्या राहतात, मुलगा परदेशात असतो. मी कडी वाजवली. आजींनी दार अर्धंच उघडलं. आत दिवा लावलेला नव्हता. मी पाकीट पुढे केलं, सही कुठे करायची ते दाखवलं. त्यांनी सही केलीच नाही. माझ्या शर्टाची बाही धरली आणि म्हणाल्या, "आत ये रे बाबा, जरा वाचून दाखव. माका दिसना नाय."

घडलं ते एवढंच. पण माझ्या छातीवर कुणीतरी सिमेंटची गोण ठेवली असं वाटलं. कानात शिट्टी वाजायला लागली, हात गार पडले. मी गॅलरीचा कठडा धरून खाली बसलो. पिशवीतली पत्रं जिन्यावरून खाली घसरत गेली, ती मला दिसत होती, पण हात पुढे होईना. शेजारचे धावत आले. पोस्टमनला अटॅक आला म्हणून त्यांनी मला खुर्चीत बसवून तीन मजले खाली आणलं आणि टॅक्सीत घालून परळच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. त्या माणसांची नावंही मला तेव्हा माहीत नव्हती. त्यांच्या दारात मी सहा वर्षं टपाल टाकत होतो.

रिपोर्ट चांगले आहेत

दोन दिवस ठेवून घेतलं. सगळ्या तपासण्या झाल्या. दुसऱ्या दिवशी राउंडला आलेला तरुण डॉक्टर फाइल बंद करत म्हणाला, "काका, हृदयाला काहीही झालेलं नाही. आधी कुठे होतात नोकरीला?"

"फौजेत."

"लढाईत होतात कधी? म्हणजे प्रत्यक्ष गोळीबारात?"

"होतो."

त्याने बंद केलेली फाइल पुन्हा उघडली. मग म्हणाला, "मी तुम्हाला मानसोपचार विभागाची चिठ्ठी देतो."

माझी बायको शुभांगी पलंगाशेजारी उभी होती. ती लगेच म्हणाली, "यांना वेड नाही लागलेलं."

"ताई, छातीत दुखलं ते खरंच दुखलं. कारण कुठे आहे तेवढंच शोधायचंय."

त्याच दिवशी मला डॉक्टर कामतांकडे नेलं. पन्नाशीच्या बाई, आवाज शांत, टेबलावर कागदांचा ढीग. त्यांनी प्रश्न विचारले. झोप लागते का? मोठ्या आवाजाला दचकता का? पलटणीतल्या मित्रांचे फोन उचलता का? मी "दिवाळीत घरात बसतो" म्हटलं तर शुभांगी म्हणाली, "घरात नाही, मोरीत बसतात. नळ सोडून." मला वाटायचं हे तिला कळलेलं नाही.

कामत बाईंनी आजाराचं नाव सांगितलं, पीटीएसडी. म्हणाल्या, "जिवावरचा प्रसंग येऊन गेला की काही जणांच्या शरीराला तो गेल्याचं कळतच नाही. ते सावधच राहतं."

"पण त्याला वीस वर्षं झाली."

"हो. फार दिवस एकट्याने काढलेत."

मी उठून बाहेर आलो. माझ्या पलटणीत पाय गेलेले लोक आहेत, आणि मी दोन्ही हात, दोन्ही पाय शाबूत घेऊन रडायला इथे आलो होतो. बाहेर शुभांगीने विचारलं, "चाळीत काय सांगायचं?" मी म्हटलं, "बीपी." पुन्हा यायच्या तारखेची चिठ्ठी बाईंनी दिली होती, तिची घडी करून मी कपाटात साड्यांखाली ठेवली. दीड महिना तिला हात लावला नाही. पोस्टमास्तरांनी मला वाटपाऐवजी आत पत्रं लावायचं काम दिलं होतं. तेवढ्यावर निभावून नेऊ असं मी ठरवलं होतं.

तन्वीचं मनगट

तन्वी माझी मुलगी, तेव्हा बारावीत होती. एका रविवारी दुपारी मी जेवत होतो. ती मागून आली आणि गमतीने तिने माझे डोळे झाकले. लहानपणापासून करायची ती असं. पुढचं मला आठवत नाही. भान आलं तेव्हा तिचं मनगट माझ्या मुठीत पिरगळलेलं होतं, आमटी लादीवर पसरली होती, आणि शुभांगी माझ्या पाठीवर दोन्ही हातांनी मारत होती.

तन्वी रडली नाही. सोमवारी ती लांब बाह्यांचा ड्रेस घालून कॉलेजला गेली. संध्याकाळी आली तेव्हा चप्पल काढता काढता मला म्हणाली, "मैत्रिणींनी विचारलं तर सांगितलं, जिन्यात पडले."

मला वाचवायला माझी मुलगी खोटं बोलायला लागली होती. मंगळवारी सकाळी मी कपाटातून चिठ्ठी काढली आणि परळला गेलो. ज्यांना अजून जायचं धाडस होत नाही त्यांना सांगतो, धाडस मलाही झालं नव्हतं. तिचा तो आवाज पुन्हा ऐकायचा नव्हता, एवढंच.

बाकावर

ओपीडीच्या बाकावर बसणं ही वेगळी परीक्षा असते. केस पेपर उलटा धरायचा म्हणजे विभागाचं नाव दिसत नाही, हे मी पहिल्याच दिवशी शिकलो. शेजारी एक कोळीण बसली होती, हिराबाई. कोळीवाड्यातली, साठीच्या पुढची, अंबाड्यात फूल. तिचा मोठा मुलगा होडीवरून गेलेला परत आला नव्हता. वर्षभर तिने मासळीच्या टोपलीला हात लावला नव्हता.

तिने माझ्या हातातला कागद सरळ केला. म्हणाली, "उलटा धरून नंबर कसा दिसंल?"

मी म्हटलं, "कुणी ओळखीचं भेटलं तर?"

"भेटंल तं भेटंल. तो पण हितंच आलेला असंल ना?"

मला हसू आलं. घरी सांगितलं तर शुभांगीही हसली. त्यानंतर दर मंगळवारी जो आधी पोहोचेल तो दुसऱ्यासाठी जागा धरून ठेवायचा. औषधांनी मला पहिले पंधरा दिवस मळमळायचं, तेव्हा तिने पदराच्या गाठीतलं आलं काढून दिलं. आजारपणात कोण कामाला येईल याचा नेम नसतो.

ती गल्ली

आता ज्याबद्दल मी वीस वर्षं बोललो नव्हतो ते सांगतो. गावाचं नाव लिहीत नाही. काश्मीरमधलं बाजारपेठेचं गाव होतं. अरुंद गल्ल्या, घराला घर लागून, छपराखालचे माळे एकमेकांना जोडलेले. तिथे काही हत्यारबंद अतिरेकी शिरले होते. एका माळ्यावरून दुसऱ्या माळ्यावर जायचे, गोळी कुठून येईल कळायचं नाही. दोन दिवस चाललं ते. मैदानात शत्रू समोर असतो. इथे समोर भांडी, बिछाने, मुलांची दप्तरं होती आणि त्यांच्यामागे कुणी आहे की नाही ते दार उघडल्याशिवाय समजत नव्हतं.

आम्हाला हुकूम होता की आधी रहिवासी बाहेर काढायचे. म्हणून प्रत्येक दार वाजवायचं. आमच्या तुकडीत पाळीपाळीने एक जण दारात पुढे असायचा. माझा जोडीदार मारुती, सातारा भागातला. मी मुंबईचा म्हणून मला "शेठ" म्हणायचा. त्याची मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका घराचं दार मी वाजवलं. पाळी माझी होती. दार अर्धं उघडलं. एक म्हातारी उभी होती. मी विचारलं, "अम्मा, अंदर और कोई है?" तिने मान हलवली, नाही म्हणून. मी आत जायला हवं होतं. मी गेलो नाही, दारातच थबकलो. मारुती मागून म्हणाला, "काय शेठ, चल की," आणि मला ओलांडून आत गेला. आतल्या खोलीतून गोळ्या आल्या. त्या मारुतीला लागल्या. त्याला बाहेर आणेपर्यंत तो गेला होता.

सगळे म्हणाले, तुझी काही चूक नाही. पण मी का थबकलो हे कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी घाबरलो होतो, आणि माझ्या जागी मारुती मेला. वीस वर्षं मी हेच धरून होतो. आणि त्या म्हातारीला मी रोज मनात खोटारडी म्हणत होतो.

तीन आठवडे

कामत बाईंची पद्धत अशी की डोळे मिटून तो प्रसंग सांगायचा. घडून गेला तसा नाही, आत्ता घडतोय तसा. "मी दार वाजवतोय, दार उघडतंय." पुन्हा पुन्हा. त्याचं मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचं आणि रोज घरी ऐकायचं. आमची खोली एक, मध्ये पडदा. मी ऐकायला बसलो की शुभांगी आणि तन्वी गॅलरीत जाऊन उभ्या राहायच्या. शेजारीण विचारायची, "आज पण दोघी बाहेर?" तन्वी सांगायची, "बाबांची ऑनलाइन मीटिंग आहे." पोस्टमनची कसली मीटिंग असते हे बिचारीने विचारलं नाही.

चार वेळा सांगून झाल्यावर तब्येत सुधारायच्या ऐवजी बिघडली. जेवण जाईना, चिडचिड वाढली. बाईंनी आधीच सांगितलं होतं की असं होईल, पण सांगणं वेगळं आणि सोसणं वेगळं. मी रेकॉर्डिंग पुसून टाकलं आणि जायचं बंद केलं.

तिसऱ्या मंगळवारी सकाळी शुभांगी साडी बदलून निघाली. मी विचारलं, "कुठे?"

"परळला. तुम्ही जात नाही ना, मग मी जाते. आजार या घरात एकट्या तुम्हाला नाही."

मला वाटलं रागाने बोलली, थोड्या वेळाने परत येईल. ती दुपारी आली. बाकावर हिराबाईशेजारी बसली होती, माझा नंबर पुकारला तेव्हा आत गेली होती. काय बोलली ते तिने सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "बाईंनी विचारलंय, पाचव्यांदा सांगायला येणार का. आणि हिराबाईने बोंबील पाठवलेत."

हिराबाई पुन्हा मासळी घेऊन बाजारात बसायला लागली होती. पुढच्या मंगळवारी मी गेलो.

बाही

सहाव्या की सातव्या वेळेची गोष्ट असेल. मी डोळे मिटून सांगत होतो. "ती मान हलवतेय. मी थांबलोय."

कामत बाईंनी विचारलं, "तुमचे हात कुठे आहेत?"

"रायफलवर."

"दोन्ही?"

"उजवा रायफलवर. डावा..." मी थांबलो. डावा हात पुढे येत नव्हता. का येत नव्हता? तेव्हा मला ते दिसलं. म्हातारीने माझी डावी बाही धरली होती. घट्ट, मूठ वळून, कापड तिच्या बोटांत गोळा झालं होतं. मान हलवत होती आणि बाही सोडत नव्हती.

मी डोळे उघडले. बाईंनी पाणी पुढे केलं. मी म्हटलं, "ती मला आत जाऊ देत नव्हती."

पुढची दहा मिनिटं मी नुसता रडलो. तावडे आजींच्या दारात मला काय झालं होतं ते आता कळलं. पण त्याहून मोठी गोष्ट ती मान हलवणं होती. मी विचारलं होतं, आत कुणी आहे का. तिने नाही म्हटलं ते "कुणी नाही" असं होतं, की "जाऊ नकोस" असं? मागे बंदूकधारी उभा असताना ती दुसरं काय करू शकत होती?

मी बाईंना विचारलं, "म्हणजे मी घाबरलो नव्हतो?"

त्या म्हणाल्या, "घाबरला होतात की नव्हतात, ते तुम्ही सांगा."

मी विचार केला. "घाबरलो होतो. पण बाहीही धरलेली होती."

"मग दोन्ही खरं."

इतक्या वर्षांनी आठवलेली गोष्ट नेमकी तशीच घडली याची खात्री कुणी देऊ शकत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. मला तेव्हा रागच आला. आता वाटतं, त्यांनी सोपं काही माझ्या गळी उतरवलं नाही ते बरं केलं. त्या आठवड्यात शुभांगीने मला विचारून त्या दिवशीचं नवं रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं. ऐकून झाल्यावर ती माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली.

जिने

मग बाहेरचा सराव. पहिले काही दिवस शुभांगीबरोबर अनोळखी चाळींच्या जिन्याखाली नुसतं उभं राहायचं, छातीतली धडधड उतरेपर्यंत. मग पहिला मजला. मग एखाद्या दाराची कडी वाजवून "सॉरी, चुकीचं घर" म्हणायचं. घोडपदेवला एका बाईंनी "चुकलात तर चुकलात, पाणी प्या" म्हणून आम्हाला बसवून घेतलं. मागे फिरलो असे दिवसही होते. बाईंनी सांगितलं होतं, भीती पूर्ण जायची वाट बघू नका, ती असतानाच वाजवा. मी तसंच केलं. फौजेत हेच केलं होतं, फक्त तेव्हा कुणी पाणी विचारायचं नाही.

चार महिन्यांनी मी पोस्टमास्तरांकडे माझी बीट, म्हणजे माझा वाटपाचा भाग, परत मागितली. पहिल्याच आठवड्यात तावडे आजींचं पत्र निघालं. मी वर गेलो, कडी वाजवली. घाम आला. आजी म्हणाल्या, "बरो मा रे तू? मी किती घाबरलंय." मी म्हटलं, "आजी, बरा आहे. अटॅक नव्हता तो. लढाईचा जुना आजार होता, औषध चालू आहे." गॅलरीतल्या दोन बायांनी ऐकलं. बातमी आमच्या चाळीपर्यंत पोहोचली, आणि त्या दिवसापासून कुणाला बीपीचं कारण सांगायचं उरलं नाही. आत जाऊन मी आजींना पत्र वाचून दाखवलं. मुलाच्या इथल्या फ्लॅटच्या सोसायटीचं काहीतरी होतं, अगदी रटाळ.

सविता वहिनी

एक काम राहिलं होतं. मारुतीच्या बायकोला, सविता वहिनींना, मी कधी भेटलो नव्हतो. पहिली काही वर्षं त्यांची पत्रं यायची, मी उत्तर दिलं नव्हतं. पलटणीतल्या मित्राकडून नंबर मिळवला आणि फोन केला. त्या म्हणाल्या, "मी पुढच्या आठवड्यात मुंबईला येतेय. भावाकडे उतरणार आहे, नायगावला. मुलीचं लग्न ठरलंय, बस्ता बांधायचाय."

दादरला एका हॉटेलात भेटलो. शुभांगी सोबत होती. वहिनी बारीक चणीच्या, शाळेत सेविका आहेत. चहा आला. मी सरळ सुरुवात केली, कारण थांबलो असतो तर राहिलंच असतं.

"वहिनी, त्या दिवशी दारातून आधी जायची पाळी माझी होती. मारुती माझ्या जागी गेला."

मग सगळं सांगितलं. दार, म्हातारी, मान हलवणं, बाही. त्या चहाच्या कपाकडे बघत ऐकत होत्या. सांगून झालं. बाजूच्या टेबलावर कुणीतरी मिसळीची ऑर्डर देत होतं. मी वाट बघत होतो की आता त्या उठून जातील, किंवा बोलतील. काहीही बोलल्या असत्या तरी मी ऐकून घेणार होतो.

त्यांनी विचारलं, "ती म्हातारी वाचली का?"

वीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. मी म्हटलं, "वाचली. गोळ्या सुरू झाल्या तेव्हा मी तिला ओढून बाहेर काढलं. गल्लीच्या टोकाला बसवलं. तिला काही लागलं नव्हतं."

"हे आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"मीच सांगायला हवं होतं."

"हो," त्या म्हणाल्या. "तुम्हीच सांगायला हवं होतं. मी पाच पत्रं लिहिली होती." त्यांचा आवाज चढला नाही, पण त्यांनी ते शब्द गिळलेही नाहीत. मी मान खाली घातली. माफी मागितली. मग पदराने डोळे टिपले, कप बाजूला सारला आणि शुभांगीला विचारलं, "हिंदमाताला साड्यांची दुकानं किती वाजता बंद होतात? भाऊ कामावर आहे, सोबत कुणी नाही मला."

आम्ही तिघं गेलो. लग्नसराईची गर्दी होती. दुकानात गादीवर बसून मुलीचा शालू झाला, विहिणीची साडी झाली. शेवटी वहिनींनी स्वतःसाठी राखाडी रंगाची एक साडी बाजूला काढली आणि दुकानदाराला म्हणाल्या, "ही बांधा."

माझ्या पायाशी जांभळ्या साड्यांचा गठ्ठा उलगडलेला होता. त्यातली एक मी उचलली. साड्यांतलं मला काही कळत नाही. मी म्हटलं, "वहिनी, नवरीची आई तुम्ही. ही बघा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग साडीकडे. पदर उलगडून खांद्यावर टाकला आणि शुभांगीला म्हणाल्या, "आरसा कुठंय?"